गिरणीमालकाची रेसिंग गाडी: खरी की गावगप्पा, कसं तपासायचं

सोलापुरात जुनी विलायती गाडी विकायला निघाली की ती हमखास कुठल्यातरी गिरणीमालकाची निघते, नाहीतर अक्कलकोट संस्थानची. शर्यत तर तिनं जिंकलेली असतेच. विकणारा पैसे या गोष्टीचेच मागतो, म्हणून आधी गोष्ट तपासायची. उदाहरणाला एमजी टीसी ही इंग्लंडची उघडी स्पोर्ट्स गाडी घेऊ.

सुरुवात लोखंडापासून करा, कागद नंतर. टीसी १९४५ ते १९४९ या काळात बनली. तिचे चेसिस नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावच्या एमजी कारखान्याचा फोन नंबर २५१ होता. शेवट १०२५१ वर. या हद्दीबाहेरचा नंबर दिसला तर चहा पिऊन परत या. नंबर चेसिसच्या पुढच्या डाव्या टोकाला, पाटा बसतो तिथं ठोकलेला असतो आणि बहुतेक वेळा रंगाच्या थरांखाली गाडलेला. ग्राइंडर लावू नका, अंकच जातील. पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की पितळी ब्रशनं हलके घासा, रॉकेलच्या बोळ्यानं पुसा. मग कागद ठेवून पेन्सिलीनं प्रिंट घ्या, आरटीओच्या फॉर्मवर घेतात तसाच. अंकांची खोली कमीजास्त असेल, भोवती घासून सपाट केलेला पट्टा असेल किंवा जवळच वेल्डिंगची शिवण असेल, तर नंबर नंतर ठोकलेला असण्याचा संशय धरा. बॉनेटखालची प्लेट हा पुरावा नव्हे. चार रिबेट काढले की ती बदलते.

इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच्या अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. एक्सपीएजी (हा टीसीच्या इंजिनाचा प्रकार) या अक्षरांपुढे टीडी आलं तर इंजिन पुढच्या मॉडेलचं आहे. यात लबाडी असेलच असं नाही, इंजिन बदलणं सर्रास चालायचं. पण मग ‘शर्यतीचंच इंजिन’ हा दावा गळतो. स्टिअरिंग डावीकडे असेल तर ते मागाहून बदललंय; टीसी फक्त उजव्या स्टिअरिंगची निघाली.

आता लोकांचा आवडता पुरावा: घासलेलं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. कॉम्प्रेशन वाढवायला शर्यतवाले हेड घासून घेत. मूळ जाडी ७६.७५ मिमी. व्हर्नियरनं चारही कोपऱ्यांत मोजा. कमी भरली तरी हुरळू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी उकळून वाकलेलं हेड सरळ करायलाही तेच करतात. डॅशबोर्डवरची जादा भोकं, शर्यतवाले पुढं बसवत त्या छोट्या काचेचे बोल्ट यांचंही तेच. शंका घ्यायला पुरेत, पैसे मोजायला नाहीत.

कागदांत सगळ्यात मोलाचं म्हणजे जुनं आरसी बुक, शर्यतीत मिळालेल्या ढालीपेक्षाही. कारण असं: शर्यतीच्या छापील कार्यक्रमात चालकाचं नाव आणि स्पर्धेचा क्रमांक असतो, चेसिस नंबर सहसा नसतो. फोटोत दिसते ती नंबरप्लेट. ती प्लेट आणि तुमचा चेसिस नंबर यांना जोडतं ते आरसी बुकच. म्हणून त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, पुसट शिक्केसुद्धा, आणि वहीत चार रकाने आखा: साल, मालक, गाव, पुरावा. पुरावा नसेल तिथं रकाना कोरा ठेवा. गाडी दुसऱ्या राज्यात कायमची गेली की नंबर बदलतो, म्हणून एका गाडीचे दोन-तीन नंबर निघू शकतात. सोलापूरची एमएच १३ ही मालिका मात्र १९८९ नंतरची. साठच्या दशकातल्या फोटोत ती दिसली तर फोटो तिथंच बाजूला ठेवा.

आरटीओत नोंदणीचा उतारा मागा. जुनी नोंद संगणकावर नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. आरसी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची संमती लागते. व्यवहार अडतो तो इथंच, एखाद्या चुलतभावाच्या सहीवर. ती सही होईपर्यंत इसार देऊ नका. साधी विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

शर्यतीच्या दाव्यात ठिकाण, साल आणि आयोजक या तीन गोष्टी स्पष्ट मागा. मद्रासजवळचं शोलावरम आणि कलकत्त्याजवळचं बराकपूर इथल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती खरोखर होत. पण मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा; त्याचं १९५१ चं पदक कुणी दाखवलं तर ते परत त्याच्याच हातात द्या. टीसीच्या जन्माची माहिती हवी असेल तर इंग्लंडच्या एमजी कार क्लबातल्या टी रजिस्टरला (टीसीसारख्या टी मालिकेच्या गाड्या पाहणारा विभाग) चेसिस नंबर आणि पेन्सिलीचा प्रिंट पाठवून विचारा. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात त्या सालच्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत का, हेही पाहा.

पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, रोजच्या वापराला मनाई. एजंट व्हीए या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेतला नवा नंबर सुचवेल. गाडीची जुनी नोंद सापडली असेल तर मूळ नंबर कायम ठेवता येतो; अर्जाच्या वेळीच तसं लेखी मागा, कारण शर्यतीच्या फोटोत तोच नंबर आहे.