ट्रेलर ओढायला जुनी गाडी घेताय? पैसे देण्याआधी चढावर न्या

गाड्यांच्या जाहिराती बघण्याआधी, जे ओढायचं आहे त्याचं वजन करून घ्या. रिकाम्या ट्रेलरचं नाही, भरलेल्या. होडी असेल तर इंजिन, पेट्रोलची टाकी, जाळी, नांगर, बर्फाचा खोका सगळं चढवून. जत्रेत खाण्याचा स्टॉल लावत असाल तर सिलिंडर, पाण्याचे ड्रम, तवा आणि जनरेटरसकट. मालाचे ट्रक जिथे तोलतात त्याच वजनकाट्यावर न्या, थोड्या पैशांत छापील पावती मिळते. लोक सरसकट 'चारशे किलो असेल' म्हणतात आणि काटा सहाशेच्या पुढे जातो. पुढचे सगळे निर्णय या पावतीवर होतात. गाडी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

गोव्यात फिरणाऱ्या लहान ट्रेलरांपैकी बहुतेकांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशा ट्रेलरसाठी मी एकच नियम पाळतो: भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको, आणि कितीही जड गाडी असली तरी ७५० किलोच्या वर नको. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला हीच ७५० किलोची मर्यादा आहे. गाडीचं रिकामं वजन आरसीवर 'अनलेडन वेट' म्हणून लिहिलेलं असतं, ते वाचा. मग गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं ट्रेलरचं पान उघडा. बऱ्याच लहान गाड्यांच्या पुस्तिकेत 'ट्रेलर ओढू नये' असं स्पष्ट छापलेलं असतं. तिथे विषय संपला. 'माझा मेव्हणा ऑल्टोने ओढतो' हा सल्ला नव्हे.

आता इंधन. लोक 'परवडणारी' म्हणजे जाहिरातीतला ॲव्हरेज बघतात. तो आकडा ट्रेलर लावल्यावर उपयोगाचा राहत नाही. लहान पेट्रोल गाडी एकटी असताना लिटरला अठरा देत असेल, पण मागे पाचशे किलो लावले की ती सतत खालच्या गिअरमध्ये रडते आणि टाकी भराभर रिकामी होते. ताकदीच्या आत काम करणारी थोडी मोठी डिझेल गाडी वजन लावूनही शांतपणे चालते. वर्षाचा हिशेब तिच्याच बाजूने पडतो. गोव्यात पेट्रोल आणि डिझेलच्या दरात फार अंतर नाही, त्यामुळे डिझेल स्वस्त म्हणून घेऊ नका. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, टॉर्क (ओढायची ताकद) मिळतो म्हणून घ्या.

साल निवडताना माझा कल २०१४ ते २०२० मधल्या बीएस-४ (गाडीच्या धुराचा आधीचा सरकारी निकष) डिझेलकडे आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतः साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब, सलग पळावी लागते. डिचोलीहून साखळी, साखळीहून वाळपई एवढंच ज्याचं फिरणं, त्याचा फिल्टर तुंबतो आणि खर्च मोठा येतो. दर आठवड्याला बेळगाव करत असाल तर मात्र बीएस-६ घ्यायला हरकत नाही. आरसीची मुदतही बघा: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१४ ची गाडी २०२९ मध्ये पुन्हा पासिंगला उभी राहणार. किंमत ठरवताना हे धरा.

गाड्यांची नावं विचाराल तर सांगतो. बोलेरो: चेसिसवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसलेली बॉडी, मागच्या चाकांना जोर, मागे पाटे, वजन दीड टनाच्या पुढे, आणि कुठल्याही गावात तिचा मिस्त्री सापडतो. आतला आराम विसरा. टीयूव्ही-३००: २०१५ मध्ये आलेली आणि पुढे बंद झालेली गाडी, त्यामुळे जुन्या बाजारात तिला मान कमी. पण चेसिस, मागच्या चाकांचा जोर आणि १.५ लिटरचं दणकट इंजिन हे सगळं आहे. २०२१ ची बोलेरो निओ हिच्यावरच उभी आहे, म्हणून सुटे भागही मिळतात. पैशाच्या मानाने मला हीच पटते. इनोव्हाचं जुनं अडीच लिटरचं डिझेल उत्तम, पण मालक किंमत सोडत नाहीत. डस्टर डिझेल हायवेला छान, डिझेल कमी पिते, पण साध्या डस्टरचा जोर पुढच्या चाकांना आहे. होडी उतरवायच्या शेवाळलेल्या उतारावर ती चाकं जागीच फिरतात. मागे ट्रेलरचं वजन बसलं की गाडीचं नाक हलकं होतं आणि पुढच्या चाकांची पकड सुटते, हे त्याचं कारण. ब्रेझा किंवा अर्टिगाचं १.३ लिटर डिझेल तीन-चारशे किलोला ठीक, तेही पुस्तिका परवानगी देत असेल तरच. हे इंजिन साधारण १८०० आरपीएमच्या खाली मरगळलेलं असतं, त्यामुळे चढावर उठताना सगळा भार क्लचवर येतो.

एएमटी गिअरची गाडी ट्रेलरसाठी घेऊ नका. कोणी कितीही पटवलं तरी नका. चढावर हळूहळू सरकताना तिचा क्लच संगणक दाबतो आणि सोडतो, तुमच्या पायाच्या हाती काही राहत नाही.

गोव्यात चार प्रकारच्या गाड्यांपासून सावध राहा. पहिली, रेंट-अ-कॅबमधून निघालेली. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं बदलून ती खासगी झालेली असते, पण दर दोन दिवसांनी नवा चालक आणि प्रत्येकाने अर्ध्या क्लचवर उभी केलेली. जुन्या विम्याच्या कागदावर व्यावसायिक वापर लिहिलेला सापडतो, तो कागद मालकाकडून मागून घ्या आणि बघा. दुसरी, खाणीवर चाललेली. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा. या तिन्ही जागी बारीक लाल धूळ चिकटलेली दिसली तर ती धूळ इंजिनातही गेलेली असू शकते. खाणी २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या तेव्हा अशा बोलेरो बाजारात आल्या, अजूनही हातोहाती फिरताहेत. तिसरी, पुरात बुडालेली. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१ चा चिपळूणचा पूर. त्या भागातलं पासिंग असेल तर डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आहे का, ते टॉर्चने बघा. चौथी, समुद्राजवळची. जेटीवर मासळी वाहणारी किंवा किनाऱ्यावर वाळूत घातलेली.

या चौथीसाठी गाडीखाली आडवं व्हायलाच हवं. मागचा ट्रेलर चेसिसला ओढत असतो, आणि खारट हवेने चेसिस आतून खाल्लेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागच्या चाकांच्या वरच्या भागात ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बसका आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर उठा, कपडे झटका आणि घरी या. बाकी गाडी जुनी असून खाली मात्र ताजा काळा रंग मारलेला असेल तर मी ती घेत नाही. गंज लपवायलाच तो मारतात.

आता मुख्य भाग, जो मला सुरुवातीला सगळ्यात जड गेला: चढावरची परीक्षा. जड अशासाठी की सपाट रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक गाडी चांगली वाटते, आणि विकणारा शेजारी बसून घाई करत असतो. 'अहो, चढावर काय बघायचंय? हायवेला घेऊया, बघा कशी पळते!' हायवेला पळणं ही ट्रेलर ओढण्याची परीक्षाच नाही. ट्रेलरचं सगळं वजन गाडी जागची हलते त्या क्षणी क्लच प्लेटवर येतं. बाजारातल्या निम्म्या गाड्यांची प्लेट संपत आलेली असते आणि मालकाला ते माहीत असतं. तो हायवेला जाऊया म्हणतो ते त्यामुळेच. चढाला नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नका, किंमत कितीही खाली आणली तरी.

फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन नीट उठत नसावं. त्या दिवशी परत फिरा.

गाडीला ट्रेलर जोडायचा हुक नसला तरी परीक्षा होते. आरसीवर लेडन वेट (भरलेल्या गाडीचं वजन) आणि अनलेडन वेट दोन्ही असतात. वजाबाकी करा. जेवढा फरक, तेवढंच वजन गाडीत भरा, जास्त नाही. चार मित्र आणि सिमेंटची पोती न्या. पोतं ५० किलोचं असतं, हिशेब सोपा जातो. मालक कुरकुर करेल. खाली ताडपत्री घाला आणि सांगा की गाडी मी वजनासाठीच घेतोय.

आधी सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चला आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरतेय. नवीन क्लचसेटची किंमत तिथेच भावातून वजा करा. मग चढ. पणजीत आल्तिनोचे चढ लहान पण खडे आहेत, पहाटे रिकामे असतात. सत्तरीकडच्या माणसाला केरीतून चोर्ला घाट आहे, दक्षिणेकडच्याला मोलेतून अनमोड. चढाच्या मध्यावर, मागून वाहन येत नाही हे पाहून, थांबा. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका, क्लच सोडत न्या, गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की हँडब्रेक सोडा. मागे न सरकता, थरथर न करता ती पुढे गेली पाहिजे. लगेच पुन्हा थांबा, पुन्हा उठवा, आणखी एकदा. तीन वेळा सलग. एकदा कोणतीही गाडी निभावून नेते. तिसऱ्या वेळेला काचा खाली करून वास घ्या. जळक्या रबरासारखा उग्र वास आला तर हा क्लच ट्रेलरचा नाही. आणि हँडब्रेक गाडीला धरत नसेल तर होडी उतरवताना गाडी होडीच्या मागोमाग पाण्यात जाईल, तो दुरुस्त झाल्याशिवाय व्यवहार करू नका.

मग एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण घाट चढा. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. मालक 'एसी बंद करा, उगाच लोड येतो' म्हणाला तर तो काटा नीट बघा, कारण त्याला तो माहीत आहे. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. पाच मिनिटं चालू ठेवून बॉनेट उघडा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, भाजाल. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येताहेत का, तेवढं बघा. मग तेलाचं झाकण हळूच सैल करा. तिथून गाडीच्या ठोक्याबरोबर धूर भकाभका बाहेर येत असेल तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या. मागच्या नळीतून निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. जोर देताना थोडा काळा धूर जुन्या डिझेलला चालतो.

उतरताना दुसऱ्याच गिअरमध्ये उतरा. हा भाग लोक वगळतात, आणि मला तो चढण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चढावर गाडी दमली तर ती थांबते. उतारावर मागचा बिनब्रेकचा ट्रेलर तुम्हाला ढकलत असतो. ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. पायाखालचा पेडल खाली खाली जात राहिला तर गाडी सावकाश परत न्या आणि चावी देऊन टाका. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत उतारावर मागून घुंई आवाज येतो का तेही ऐका. तो डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा. त्याची दुरुस्ती स्वस्त नसते.

एवढं झालं की बाकी सोपं. गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर जातात. गोव्यात भरायचा रोड टॅक्स त्या किमतीत धरल्याशिवाय त्यांना स्वस्त म्हणू नका. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या आणि हुक बसवणार हे कंपनीला लेखी कळवा. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे.

हुक बंपरला वेल्ड करू देऊ नका. बंपर पत्र्याचा असतो. हुकाचं जाड ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी चेसिसला ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी बसवून घ्या. हुकावरचा गोळा आणि त्यावर बसणारं ट्रेलरचं कपलर एकाच मापाचं हवं. बाजारात ५० मिलिमीटरचे आणि दोन इंचांचे असे दोन्ही गोळे मिळतात, दिसायला सारखेच. दोन इंचांचं कपलर ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर सैल बसतं आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतं, म्हणून ट्रेलर गाडीला धरून ठेवणाऱ्या साखळ्या नेहमी फुलीसारख्या आडव्या लावा. सामान असं रचा की ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग गोळ्यावर येईल. कपलरखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला की आकडा कळतो. कमी आला तर माल पुढे सरकवा, नाहीतर वेग घेतल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो.