कर्नलचा पहिला पॅच आणि टॅबची भानगड

लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) ड्रायव्हर लिहायची अजून हिंमत नाही, म्हणून म्हटलं डॉक्युमेंटेशनपासून सुरू करू. मेक एचटीएमएलडॉक्स (कोडमधल्या कमेंटही घेऊन डॉक्युमेंटेशनची वेब पानं बनवणारी कमांड) चालवलं तर वॉर्निंगचा नुसता पाऊस. त्यातली एक धरली, फंक्शनच्या एका पॅरामीटरचं वर्णन नाही म्हणे. फाइल उघडली तर कमेंटमध्ये ॲटचं चिन्ह लावून वर्णन आहे की चांगलं! दहा मिनिटं येड्यासारखा बघत बसलो, मग दिसलं की कोडमध्ये कुणीतरी पॅरामीटरचं नाव 'लेन'चं 'लेंथ' केलंय आणि वरची कमेंट तशीच राहिलीय.

एका शब्दाचा बदल, पण पॅच (बदल दाखवणारा मजकूर) मी ब्राउझरमधल्या मेलमध्ये कॉपी-पेस्ट करून पाठवला आणि उत्तर आलं की हा कोडवर लागतच नाहीये, कारण कर्नलमध्ये इंडेंट टॅबनेच आणि मेलने खालच्या कोडमधल्या सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकलेल्या. मग गिट सेंड-ईमेल (पॅच थेट मेल करणारी गिटची कमांड) सेट केलं, आधी स्वतःलाच पाठवून गिट एएमने (मेलमधला पॅच कोडवर लावणारी कमांड) लावून बघितलं, पॅचमधल्या चुका दाखवणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवली (साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे पॅचमधली सहीची ओळ, विसरलेलो, तिनेच पकडलं). व्ही२, म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, लागला एकदाचा.

आणि हो, एका फाइलसाठी अख्खे डॉक्स बिल्ड करत बसू नका, कर्नलमधलीच कर्नल-डॉक स्क्रिप्ट 'डॅश नन' हा पर्याय देऊन त्या फाइलवर चालवा, फक्त वॉर्निंग दिसतात. मला हे उशिरा कळलं.