नॉकआउट उंदीर आणि संधिवात: सेमिनारच्या आधी या चुका टाळा

नॉकआउट उंदीर म्हणजे एखादा जीन मुद्दाम काढून टाकलेला उंदीर. एमएस्सीची पोरं हा विषय घेतात अन् पहिल्याच ग्राफवर अडकतात, कारण डोक्यात पक्कं बसलेलं असते की जीन काढला म्हणजे सूज कमीच झाली पाहिजे. असं कोणं सांगितलं बाप्पा? इंटरफेरॉन गॅमा या रोगप्रतिकाराच्या प्रथिनाचा रिसेप्टर काढला तं कोलॅजन (कूर्चेतलं प्रथिन) टोचून आणलेला संधिवात उलट जास्त भडकतो. सूज वाढवणाऱ्या आयएल-१ ले आवर घालणारा आयएल-१आरए काढा, बाल्ब-सी जातीच्या उंदराचे सांधे काही न टोचता आपोआप सुजतात, पण तोच जीन ब्लॅक-६ जातीत काढला तं तसं होत नाई. जात पाहिल्याशिवाय निकाल वाचूच नका.

सगळ्यात जास्त घोळ इथंच होते. बहुतेक नॉकआउट ब्लॅक-६ वर असतात अन् ही जात कोलॅजनच्या संधिवाताले मुळातच दाद देत नाई, तो डीबीए-१ जातीत जोरात येते. म्हणून नॉकआउटले काहीच झालं नाई तं आधी साध्या ब्लॅक-६ ले किती झालं ते पाहा, नाईतर जीनले उगाच श्रेय द्याल. याले एक उपाय म्हणजे के/बीएक्सएन सीरम, म्हणजे आपोआप संधिवात होणाऱ्या के/बीएक्सएन उंदरांच्या रक्तातला द्रव. त्यात संधिवात आणणाऱ्या अँटीबॉडी तयारच असतात, त्यामुळं कोलॅजनमध्ये वाचलेला उंदीर सीरम दिल्यावर सुजला तं समजा, जीनचं काम बहुतेक अँटीबॉडी बनायच्या आधीच्या टप्प्यात आहे.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे साधे उंदीर, बाहेरून विकत आणू नका, एकाच मायच्या पिल्लांतले घ्या. बीटी कपाशी काळ्या जमिनीत अन् साधी मुरमाड जमिनीत लावून उतारा मोजला तं कोण मानते? जातीचा आणखी एक घोळ पाहा: कॅस्पेज-१ या सुजेच्या एन्झाइमचे जुने नॉकआउट १२९ नावाच्या उंदराच्या जातीच्या पेशींपासून बनले होते, अन् त्या जातीत त्याचाच भाऊबंद कॅस्पेज-११ आधीच बिघडलेला, हे २०११ मध्ये उघड झालं, तोवर एका जीनच्या नावावर दोघांचा हिशोब चालू होता.

स्कोअरिंग तं बहुतेक जण घाईतच उरकतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पंजाले ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त १६. पण डीबीए-१ चे नर पिंजऱ्यात लय भांडतात, चावलेला पंजाही लाल अन् जाड दिसते, म्हणून आधी शेपटीवर, पाठीवर जखमा आहेत का बघा, अन् कोणता उंदीर नॉकआउट ते मोजणाऱ्याले सांगूच नका.

शेवटच्या स्लाइडवर "आता माणसाचा संधिवात बरा होणार" लिहू नका. आयएल-१७ हे सुजेचं प्रथिन काढलेल्या उंदरात संधिवात कमी झाला होता, पण आयएल-१७ अडवणारी औषधं माणसाच्या आमवातात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) फारशी चालली नाईत, सोरायसिसच्या संधिवातात मात्र चांगली चालली.