चेल्सी की रांगडा बूट: आवड ओळखून बूट कसा निवडावा

चेल्सी म्हणजे घोट्यापर्यंतचा, बिननाडीचा, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेला बूट. एकाला तो हवा असतो निमुळता, पातळ सोलचा, काळा चकचकीत, पॅन्टच्या रेषेत मिसळून जाणारा. दुसऱ्याला त्याच इलॅस्टिकच्या बुटाला जाड खाचांचा सोल, रुंद गोलसर टोक आणि ओरखडे मिरवणारं तेलकट चामडं हवं असतं. तिसऱ्याला इलॅस्टिकच नको. नाडी आवळून बांधल्याशिवाय त्याला बूट घातल्यासारखं वाटत नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे ठीकच. पण घेताना लोक रंग आणि टोकाचा आकार बघतात, आणि नंतर पस्तावतात ते माप, सोल आणि चामड्याच्या जाडीमुळे. म्हणून आधी पाय, मग वापर आणि शेवटी दिसणं असा क्रम ठेवा.

चेल्सीत चूक झाकायला जागा नसते

नाडीच्या बुटात पाऊल वरून जरा उंच किंवा बसकं असलं तरी नाडी सैल-घट्ट करून भागतं. चेल्सीत ती सोय नाही. पाऊल धरून ठेवायचं काम दोनच जागा करतात: पावलाचा वरचा उंचवटा आणि टाच. बाजूचं इलॅस्टिक पाय आत जाऊ देण्यासाठी आणि घोट्याभोवती बूट मिटून राहावा म्हणून असतं. सैल बूट ते घट्ट करून देत नाही. म्हणून चेल्सी घेताना मापावर जितका वेळ द्याल तितका थोडा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगतात. बुटात जे मोजे घालणार तेच घाला. कागदावर पूर्ण वजन टाकून उभं राहा आणि पेन्सिल सरळ धरून तीन खुणा करा: टाचेचं मागचं टोक, सर्वांत लांब बोटाचं टोक, आणि अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेला सांधा. टाच ते बोट आणि टाच ते सांधा ही दोन्ही अंतरं लिहून ठेवा, दोन्ही पायांची. मोठा पाय धरून नंबर ठरवायचा.

दुसरं अंतर बहुतेक जण मोजतच नाहीत आणि खरी गडबड तिथेच होते. बूट वाकायला हवा तो या सांध्यापाशी. तो सांध्याच्या पुढे वाकत असेल तर प्रत्येक पावलाला चामड्याची घडी बोटांवर येऊन दाबते. बूट चावतो म्हणून अर्धा नंबर मोठा घेतला, तर वाकायची जागा आणखी पुढे सरकते आणि त्रास वाढतो. अशा वेळी नंबर बदलू नका, फर्मा बदला. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा तो ठोकळा, ज्यावर चामडं ओढून बूट बांधतात. प्रत्येक कंपनीचे फर्मे वेगळे असतात, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचेही.

नंबरांचं गणितही जाणून घ्या. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिमी, अर्धा नंबर म्हणजे ४ मिमीपेक्षा किंचित जास्त. युरोपीय नंबरातली पायरी ६.७ मिमीची. त्यामुळे तक्ता बघून एका पद्धतीतून दुसरीत गेलं की दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतातच. बरेच अमेरिकी वर्क बूट ब्रॅनॉकच्या मोजपट्टीवर (दुकानात पाय ठेवून मोजायच्या साधनावर) आलेल्या नंबरापेक्षा अर्ध्याने लहान घ्यावे लागतात. आर. एम. विल्यम्स ही ऑस्ट्रेलियन बूट कंपनी, ते ब्रिटिश नंबर वापरतात आणि रुंदी वेगळ्या अक्षराने सांगतात: जी नेहमीची, एच रुंद. रुंद पाय असेल तर नंबर वाढवण्याआधी रुंदी वाढवून मिळते का ते विचारा.

आता घालून बघायचं.

१. शूहॉर्न लावून पाय आत सरकवा. उंचवट्यापाशी थोडा अडसर जाणवला पाहिजे, आणि मग टाच एकदम खाली बसली पाहिजे. काहीच अडसर नाही म्हणजे बूट वरून सैल आहे. वरच्या कडेला पुढे-मागे असलेल्या ओढायच्या दोन्ही पट्ट्या जिवाच्या आकांताने खेचाव्या लागल्या आणि आत गेल्यावर उंचवटा दुखत राहिला, तर तो बूट सोडा. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही, आणि उंचवट्यावर फारच थोडं.

२. गोल टोकाच्या बुटात बोटांपुढे १० ते १२ मिमी जागा हवी. निमुळत्या टोकात १५ ते २० मिमी रिकामी राहते. ती जागा टोकाच्या आकाराची आहे, तिला मोठं माप समजू नका.

३. चाला. नव्या कडक सोलमध्ये टाच ५-६ मिमी उचलली तर चालेल, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. सेंटीमीटरभर उचलत असेल तर ते कायम राहील आणि टाचेला फोड येतील.

४. उभं राहून इलॅस्टिककडे बघा. ते जवळजवळ सपाट असायला हवं. उभ्यानेच ताणलेलं दिसत असेल तर पायाला घेर कमी पडतोय आणि ते लवकर थकेल. लाटा पडत असतील तर बूट घोट्याशी सैल आहे.

५. जिना किंवा उतार उतरा. बोटं पुढे आदळली तर उंचवट्याने पाय धरलेला नाही.

किंचित सैल निघाला तर दीड-दोन मिमीचा पातळ सुखतळा घाला. पाऊल वर उचललं जातं आणि उंचवटा बुटाला टेकतो. टाचेमागे गादी चिकटवणं हा वाईट उपाय आहे, त्याने पाय पुढे ढकलला जातो आणि बोटं दाबली जातात.

नाडीच्या रांगड्या बुटाला एकच खूण पुरे. बांधल्यावर नाडीच्या भोकांच्या दोन रांगांमध्ये दोन-तीन सेंटीमीटर अंतर राहायला हवं. जाड चामडं आणि आतला तळ काही आठवड्यांत दबतात आणि ते अंतर मिटत जातं. पहिल्याच दिवशी रांगा एकमेकींना भिडल्या तर पुढे आवळायला काही उरत नाही.

सोल आणि शिलाई

सडपातळ दिसणं आणि दणकटपणा यांची ओढाताण इथे सुरू होते. चामड्याचा ४-५ मिमीचा सोल कडेने बारीक दिसतो, पाय श्वास घेतो, पण ओल्या फरशीवर घसरतो आणि पाणी शोषतो. खोल खाचांचा रबरी सोल विटाले ब्रमानी या इटालियन गिर्यारोहकाने १९३७मध्ये आणला, त्याच्या नावावरूनच विब्रम. खडकावर आणि चिखलात त्याला तोड नाही, मात्र खाचांत अडकलेली माती घरभर सांडते आणि बूट जड होतो. मधला मार्ग म्हणजे डेनाइटसारखा, तळाला बसके गोल उंचवटे असलेला रबरी सोल. बाजूने तो चामड्याच्या सोलइतकाच नेटका दिसतो आणि पावसात पकड देतो. एकच चेल्सी घेणार असाल आणि ऑफिसपासून पावसापर्यंत तोच वापरणार असाल, तर आमचं मत सरळ या सोलला आहे.

वर्क बुटांवरचा पांढरा सपाट वेज सोल हलका आणि मऊ असतो, कडक फरशीवर दिवसभर उभं राहणाऱ्याला आराम देतो. तो झिजतोही लवकर, आणि दिसायला कोणाला फार आवडतो, कोणाला मुळीच नाही.

शिलाई ओळखायला बूट हातात घेऊन आत बघा. आतल्या तळावर कडेने टाके दिसत असतील तर ती ब्लेक शिलाई: एकच दोरा आतून थेट सोलपर्यंत. बूट सडपातळ आणि लवचिक होतो, पण टाक्यांच्या भोकांतून ओल वर येऊ शकते. गुडइयर वेल्टमध्ये चामड्याची एक पट्टी आधी वरच्या चामड्याला शिवतात आणि मग सोल त्या पट्टीला. कड थोडी रुंद दिसते, आत कॉर्कचा थर असतो, आणि वरच्या चामड्याला धक्का न लावता सोल पुन्हा पुन्हा बदलता येतो. स्टिचडाउनमध्ये वरचं चामडंच बाहेर वळवून तळाला शिवतात. कड आणखी रुंद, पाणी अडवायला उत्तम, आणि रांगडेपणाची आवड असणाऱ्यांना तेच हवं असतं. कडेवर नुसते शोभेचे टाके छापलेले बूटही असतात. दोरा नखाने चाचपून बघा, तो पट्टीच्या आत खाली जातो की वरच्या वर संपतो ते कळतं.

ब्लंडस्टोनसारख्या बुटांचा सोल साच्यात ओतून थेट वरच्या भागाला जोडलेला असतो. हलका, मऊ, पहिल्या दिवसापासून सुखाचा. तो झिजला की बूट संपला, कारण बदलायला शिलाईच नसते. त्यात पॉलियुरेथेनचा थर असेल तर आणखी एक गोष्ट: हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ वर्षांनुवर्षं आतून तुटत जातो. कपाटात जपून ठेवलेल्या, जेमतेम वापरलेल्या बुटाचा सोल एक दिवस चालताना भुगा होतो तो यामुळेच. असे बूट राखून ठेवू नका, नियमित वापरा.

चामडं

नाजूक चेल्सीला वासराचं १.२ ते १.४ मिमी चामडं शोभतं, रांगड्या बुटाला २ ते २.४ मिमी. चेल्सीच्या पुढच्या भागावर ना नाडी ना जोड, त्यामुळे चामड्यातला दोष तिथे लपत नाही. अंगठ्याने पुढचा भाग हलका दाबून बघा. केसासारख्या बारीक सुरकुत्या उठून लगेच विरल्या तर चामडं घट्ट आहे. जाडजूड, फुगल्यासारख्या वळ्या उठल्या तर वरचा थर सैल आहे, आणि महिन्याभरात तिथे कायमच्या ओबडधोबड घड्या पडतील. दोन्ही बूट दाबून बघा, एकाच जोडीत फरक निघतो.

तेल-मेण मुरवलेलं चामडं वाकवलं की तिथे रंग फिका पडतो. ओरखडा आला तर अंगठ्याने चोळा, उबेने तेल पुन्हा पसरतं आणि खूण बरीचशी मिटते. शिकागोच्या हॉरवीन या चामडं कमावणाऱ्या कारखान्याचं क्रोमएक्सेल हे त्यातलं नावाजलेलं. ज्याला बुटावर वापराच्या खुणा बघवत नाहीत त्याने हे घेऊ नये. स्वेड, म्हणजे मखमली पृष्ठभागाचं चामडं, मऊ पडतं, घोट्याशी छान बसतं, त्याला पॉलिश नको, फक्त ब्रश.

दोन्ही आवडी एका बुटात हव्या असतील

रांगडा चेल्सी करता येतो, पण सगळंच जाड करून चालत नाही. अडीच मिमीचं कडक चामडं घोट्याभोवती मिटत नाही. वरची कड उघडी राहते, टाच उचलते. चामडं दोन मिमीच्या आत आणि मऊ, अस्तर टाचेपुरतं किंवा अजिबात नाही, इलॅस्टिक रुंद, टोक गोल, खाली मध्यम खोल खाचांचा सोल: हा मेळ जमतो. उलट, निमुळत्या टोकाखाली जाड खाचांचा सोल लावला की बूट पुढून वजनदार आणि वरून अशक्त दिसतो.

पॅन्टचाही विचार करा. पॅन्टचा पाय सपाट पसरून मोजला तर खालची रुंदी १६ ते १८ सेंटीमीटर असेल तिथे सडपातळ चेल्सी चांगला दिसतो. १९ ते २२ असेल तर त्याखाली तो हरवतो, तिथे रुंद टोकाचा बूट घ्या.

घेतल्यानंतर

पहिले चार-पाच दिवस घरातच तासाभरासाठी घाला. जाड तळाच्या बुटाला अंगवळणी पडायला दोन ते चार आठवडे लागतात. पाण्यात भिजवून पायावर वाळवायचा उपाय करू नका, चामड्यातलं तेल निघून जातं आणि ते तडकतं.

काढताना एका बुटाच्या टोकाने दुसऱ्याची टाच दाबू नका, मागची शिवण उसवते आणि टाचेचा कडक भाग मोडतो. दोन्ही हातांनी टाच धरा किंवा बूटजॅक (टाच अडकवून बूट काढायची फळी) वापरा. घालताना दोन्ही पट्ट्या एकत्र, सरळ वर ओढा. एकटी मागची पट्टी ओढली की टाके सुटतात.

एक दिवस घातला की एक दिवस विश्रांती, आत देवदार लाकडाचा शूट्री, म्हणजे बुटाचा आकार राखणारा ठोकळा. भिजला तर कागद कोंबा, तासाभराने कागद बदला, सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. हीटरजवळ किंवा उन्हात चामडं आकसतं.

चामडं मऊ ठेवणारं कंडिशनर प्रत्येक बुटाला वाटाण्याएवढं पुरे. गुळगुळीत चामड्याला दहा-बारा वेळा घातल्यावर, तेलकट चामड्याला तीन-चार महिन्यांनी. जास्त लावलं की चामडं लुळं पडतं, आकार सुटतो, वर पॉलिश धरत नाही. मिंक ऑइलने फिका रंग कायमचा गडद होतो, आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा.

कंडिशनर, तेल आणि पॉलिश इलॅस्टिकवर जाऊ देऊ नका. त्यातल्या रबराला तेल आणि उष्णता सोसत नाही. ते चिकट होतं, मग ढिलं. लावण्याआधी त्यावर कागदी चिकटपट्टी लावा. इलॅस्टिक ढिलं पडलंच तर शिवण उसवून नवं बसवता येतं. चारही तुकडे एकाच वेळी, एकाच थानातले बसवून घ्या, नाहीतर डावा-उजवा बूट वेगवेगळा ताण देतो. सोलही वेळेवर बदला: चवड्याखाली अंगठ्याने दाबल्यावर तो मऊ लागला किंवा टाचेचं रबर झिजून वरचा थर दिसू लागला की कारागिराकडे न्या. झीज वेल्टच्या पट्टीपर्यंत पोचली तर पट्टीही बदलावी लागते आणि काम दुप्पट होतं.