पद्मिनीचा कार्बोरेटर: आधी फ्लोट, मग स्क्रू

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार स्लोवर (गाडी उभी, इंजिन अगदी कमी वेगात चालू) ठेवली की बंद पडते, पेट्रोलचा वास येतो, म्हणून बरेच जण थेट मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू पिळत बसतात. थांबा. आधी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोला, आणि खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा.

पितळी फ्लोट (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा पोकळ, तरंगता डबा) कानाशी धरून हलवा. आत चुळूक चुळूक वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय. कडक गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे जिथून येतील तिथेच भोक. डाग देऊन (सोल्डरने) भोक बुजवायचा विचार करू नका. आत पेट्रोलची वाफ असते, भडका उडेल. सरळ नवा टाका, सोबत नीडल व्हॉल्व्ह (फ्लोटमुळे उघड-बंद होणारी पेट्रोलची सुईसारखी झडप) आणि गॅस्केटही (सांध्यातली पातळ पट्टी).

जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालायची नाही. पितळ मऊ, भोक वाढलं की अ‍ॅव्हरेज गेलं. क्लीनर मारा, हवेने फुंका, बस्स.

जोडल्यावर मिक्श्चर स्क्रू बोटाच्या जोराने अलगद टेकवा (आवळलात तर टोकाला खाच पडते) आणि साधारण दीड फेरा उलटा सोडा. पॉइंट आणि टायमिंग (ठिणगी पाडणारे संपर्क आणि ठिणगी पडण्याची वेळ) आधी नीट हवंच. इंजिन चांगलं तापलं की पाव-पाव फेरा फिरवत सर्वांत जोरात चालेल ती जागा शोधा, मग स्लोच्या स्क्रूने वेग उतरवा. हे दोन-तीनदा करावं लागतं. तरीही स्लो टिकत नसेल तर थ्रॉटलचा दांडा (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी झडप ज्यावर फिरते तो) हलवून बघा. खडखडला तर हवा तिथूनच घुसतेय.