टर्मिनलमध्ये चुकीची ओळ लाल करा, शोधाशोध वाचते

केळीच्या गाड्यांची वजनं तपासायला एक बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलमध्ये चालणाऱ्या कमांडची फाइल) करून ठेवलीय, ती तीनशे ओळी धडाधड सोडते आणि त्यात "वजन नाही" अशी एखादी ओळ कुठं लपली ते रावेरच्या मे महिन्यात पंख्याखाली बसून शोधायचं म्हणजे डोकंच तापतं. रंग टाकला की झालं.

१. स्क्रिप्टच्या वरतीच तीन व्हेरिएबल करा (कमांड छोट्या इंग्रजी अक्षरांत). एकात 'टीपुट सेटएएफ १' (tput setaf 1, टीपुट म्हणजे टर्मिनलचा रंग बदलायची कमांड) चं आउटपुट भरा, हे लाल अक्षर. दुसऱ्यात 'टीपुट सेटएबी ३' (tput setab 3), ही मागची पिवळी पट्टी. तिसऱ्यात 'टीपुट एसजीआर०' (tput sgr0), हे सगळं परत होतं तसं.

२. एको (echo, मेसेज छापायची कमांड) करताना मेसेजच्या आधी रंगाचं व्हेरिएबल आणि शेवटी तिसरं. ते शेवटचं विसरलात की पुढचा प्रॉम्प्टपण (कमांड टाइप करायची ओळ) लालच, माझं पहिल्या दिवशी तेच झालं, मग 'रिसेट' (reset) टाइप करून सुटका.

बाकी नंबर: ० काळा, २ हिरवा, ४ निळा, ५ जांभळट, ६ आकाशी, ७ पांढरा. काळ्या स्क्रीनवर ४ नको हं, दुपारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलात तर काहीच दिसत नाही, त्यापेक्षा ६ बरा.

एक सांभाळा, हेच आउटपुट फाइलीत घेतलं तर रंगाचे कोडपण त्यात घुसतात आणि एक्सेलमध्ये कचरा दिसतो, तेव्हा फाइल काढताना तिन्ही व्हेरिएबल रिकामी ठेवा.