जिंगा-जिक हातात बसवताना

माझे ऑकलंडमधले गिटारचे सर माओरी आहेत, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, उभं आयुष्य जॅझ वाजवण्यात गेलेलं. सगळे त्यांना 'मतुआ' म्हणतात, म्हणजे वडीलधारे. मीही तेच म्हणते. पहिल्या दिवशी मी जॅझचं जाडजूड पुस्तक घेऊन गेले. त्यांनी ते खुर्चीखाली सरकवलं. "आधी जिंगा-जिक."

हा माओरी घरांतल्या गाण्याबजावण्याचा ठेका. 1967 साली एका इंग्लिश गायकाच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलेलं 'टेन गिटार्स' न्यूझीलंडमध्ये घरोघरी वाजलं ते याच ठेक्यावर. पार्टीतला ठेका म्हणून नाक मुरडणारे असतात. मीही मुरडलं होतं.

आधी तोंडाने म्हणा: जिं-गा-जिक, जिं-गा-जिक. 'जिं'ला, पहिल्या मात्रेवर, अंगठा खाली. 'गा'ला बोट हलकेच वर, पातळ दोन-तीन तारांना लागेल इतपत. 'जिक' दुसऱ्या मात्रेवर: हात खाली येतानाच तळव्याची कड तारांवर टेकते आणि आवाज जागच्या जागी मरतो. आधी वाजवून मग दाबाल तर 'जिंग-थप' असे दोन तुकडे पडतात. माझे तीन आठवडे पडत होते. मग मतुआंनी डावा हात तारांवर नुसता ठेवायला लावला. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नाही, सूर नाही, फक्त खटखट. शेजाऱ्यांना त्रास होईल, पण गाठ सुटते ती इथेच. 'जिं' लांब, 'गा' आखूड ठेवा. स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, चाल तीच.

ते स्वतः असंच शिकले, कॉर्डची नावं कळायच्या आधी, मामा-काकांच्या हातांकडे बघत.

आता मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) मिनिटाला 50 टिकवर लावा आणि प्रत्येक टिक ही दुसरी किंवा चौथी मात्रा धरा. 'जिक' नेमका टिकवर पडला पाहिजे. तबला ऐकून वाढलेला माझा हात समेकडे ओढायचा. पहिल्या मात्रेवर जोर दिला की सगळं कोसळायचं. जॅझमध्ये वजन 2 आणि 4 वर असतं, आणि पार्टीतल्या ठेक्यात ते आधीपासूनच तिथे असतं. हे समजल्यावर माझं नाक जागेवर आलं.

मग तीन-तीन तारांचे कॉर्ड. सर्वांत पातळ तार पहिली, सर्वांत जाड सहावी; फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेली घरं. डी मायनर सेव्हन: पाचवी तार पाचव्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी पाचव्यावर. जी सेव्हन: सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावरच, तिसरी चौथ्यावर. सी मेजर सेव्हन: पाचवी तिसऱ्यावर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी चौथ्यावरच. दर वेळी वरच्या दोन सुरांपैकी एक जागेवर राहतो, दुसरा फक्त एक फ्रेट खाली येतो. बाकीच्या तारा बोटांच्या कडेने गप्प ठेवा. 'जिक' पुसट करत न्या, अगदी श्वासाएवढा.

जमलं की मतुआ काही बोलत नाहीत, भुवया उडवतात. इथे त्याचा अर्थ 'हो'.